राजापूर लोकसभा मतदारसंघ गेला कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बॅ. नाथ पै आणि प्रा. मधू दंडवते ज्या राजापूर मतदारसंघातून लोकसभेत निवडून जात, तो २००८ नंतर यादीत दिसत नाही. आजचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणजे तोच का, फक्त पाटी बदललेला? आणि बदलला तर कोणाच्या सोयीसाठी?

आधी सरळ उत्तर देतो, मग सविस्तर सांगतो. जमीन जवळजवळ सगळी तीच आहे. जुन्या राजापूरचा मुलूख आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे, पण त्याच्या डोक्यावर रत्नागिरी आणि चिपळूण हे दोन विधानसभा मतदारसंघ आणखी बसवले गेले. खरा मोडला तो शेजारचा जुना ‘रत्नागिरी’. त्याचे उत्तरेकडचे तालुके रायगडला जोडले गेले. सोय कोणाची, याचं उत्तर मात्र कुठल्याही पुढाऱ्यापाशी सापडत नाही. ते जनगणनेच्या तक्त्यात सापडतं, आणि त्याहून जास्त आमच्या वाडीतल्या बंद घरांत.

मी महसूल खात्यात होतो. १९८९ पासून २००९ पर्यंत प्रत्येक लोकसभा निवडणुकीत काही ना काही काम माझ्या वाट्याला आलं. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष, मग झोनल अधिकारी, शेवटी निवडणूक शाखेत बसून मतदार याद्यांचं काम. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते थोडं पुढाऱ्यांचं आणि पुष्कळसं याद्यांचं आहे.

पहिल्यांदा नकाशा डोळ्यापुढे आणा. १९७८ ते २००४ या काळात राजापूर लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ होते: सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड, राजापूर आणि लांजा. म्हणजे दक्षिणेला तेरेखोल खाडीच्या पलीकडे गोवा, पूर्वेला आंबोली, फोंडा, बावडा हे घाट, पश्चिमेला समुद्र आणि उत्तरेला लांज्यापर्यंतचा कातळ. पहिले चार मतदारसंघ आजच्या सिंधुदुर्गात येतात, उरलेले दोन रत्नागिरी जिल्ह्यात. खारेपाटणचा पूल ओलांडला की जिल्हा बदलायचा, खासदार तोच राहायचा. कणकवली आणि कुडाळ ही दोन नावं आज रोज कानावर येतात, पण या काळातल्या विधानसभेच्या यादीत ती नव्हतीच. कणकवलीच्या बाजारात उभं राहून “मी मालवणचा मतदार” म्हणणारे लोक तेव्हा होते आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

राजापूर हे नाव तसं फसवं. राजापूर शहर मतदारसंघाच्या उत्तर अंगाला. सहांतल्या चार जागा दक्षिणेला, प्रचाराचा गाडा कणकवली-कुडाळ-सावंतवाडी रस्त्यावर फिरायचा. तरी नाव राजापूरचं. जुनं बंदर, इंग्रजांची वखार, शिवाजी महाराजांनी १६६१ साली घातलेली धाड, आणि मनात येईल तेव्हा प्रकटणारी गंगा, एवढी पुण्याई त्या गावापाशी आहेच. पण सावंतवाडीच्या माणसाला आपला मतदारसंघ राजापूर म्हणून का ओळखला जातो, हे कोडं शेवटपर्यंत सुटलं नाही. मलाही त्याचं समाधानकारक उत्तर कधी देता आलं नाही.

या मतदारसंघाचा जन्म १९५७ चा. त्याआधी, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत, रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग होते. उत्तरेतून आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले आणि दक्षिणेतून मोरेश्वर जोशी निवडून आले, दोघेही काँग्रेसचे. सावंतवाडी संस्थान १९४८ साली रत्नागिरी जिल्ह्यात विलीन झालं होतं, त्यामुळे तिथली प्रजा मतदार म्हणून नवीकोरी होती. मग राज्य पुनर्रचना झाली, द्विभाषिक मुंबई राज्य आलं, मतदारसंघ पुन्हा आखले गेले आणि दक्षिणेचा भाग ‘राजापूर’ झाला.

१९५७ ते २००४ या काळात राजापूरमध्ये १३ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. खासदार किती झाले? चार. नाथ पै तीनदा (१९५७, १९६२, १९६७), दंडवते पाचदा (१९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९), सुधीर सावंत एकदा (१९९१) आणि सुरेश प्रभू चारदा (१९९६, १९९८, १९९९, २००४). यातले काँग्रेसचे फक्त सुधीर सावंत. महाराष्ट्रात काँग्रेसचं राज्य दशकानुदशकं चाललं, आणि त्याच काळात या टोकाच्या मतदारसंघाने १३ पैकी १२ वेळा काँग्रेसला नाकारलं. असा हिशेब राज्यात फार थोड्या ठिकाणी मांडता येईल.

हे का झालं, यावर पुष्कळ बोललं जातं. समाजवाद्यांचं काम होतं, सेवा दलाच्या शाखा होत्या, खोतीविरुद्धच्या चळवळीची आठवण ताजी होती, संयुक्त महाराष्ट्राची लाट होती. हे सगळं खरं. १९५७ च्या लाटेत तर शेजारच्या रत्नागिरीतून जनसंघाचे प्रेमजी आशर निवडून आले. त्या वर्षी जनसंघाला देशभरात चारच जागा मिळाल्या होत्या, त्यातली ही एक. तेव्हा पहिला विजय लाटेचा होता असं म्हणता येतं. पण लाट ओसरल्यावरही राजापूर जागचा हलला नाही. १९६२ ला रत्नागिरीने काँग्रेसच्या शारदा मुखर्जींना निवडलं आणि राजापूरने पुन्हा नाथ पैंना. १९७१ ला इंदिरा गांधींच्या झंझावातात राज्यातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसला गेल्या, प्रजा समाजवादी पक्षाला अख्ख्या देशात दोनच मिळाल्या, आणि त्यातली एक राजापूरची. १९८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या सहानुभूतीच्या लाटेत रत्नागिरीतून काँग्रेसचे हुसेन दलवाई आले. राजापूरने जनता पक्षाचे दंडवते पाठवले.

माझं मत विचाराल तर याचं मूळ गावात कमी आणि मुंबईत जास्त होतं. आमच्याकडे मत गावात पडायचं, पण ठरायचं गिरगाव-लालबाग-परळच्या खोल्यांत. गावात म्हातारी माणसं, बायका, पोरं. कर्ते पुरुष गिरणीत, गोदीत, पोस्टात, शाळेत, बँकेत. मनिऑर्डर यायची, तिच्या तळाशी चार ओळी लिहायला जागा असायची, आणि निवडणुकीच्या महिन्यात त्या चार ओळींत “झोपडीवर” एवढा शब्द पुरायचा. झोपडी ही प्रजा समाजवाद्यांची निशाणी. १९५७ ला तर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. शिक्का मारायचा नव्हता, झोपडीचं चित्र चिकटवलेल्या पेटीत मतपत्रिका टाकायची. ज्या बाईला अक्षर येत नव्हतं तिलाही झोपडी ओळखता येत होती. पुढे जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आला, मग जनता दलाचं चक्र. निशाणी दोनदा बदलली तरी मतं मागोमाग गेली. मुंबईतला निरोप त्यांना पोचत होता ना!

आणि म्हणूनच १९९६ ला धनुष्यबाण निवडून आला तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. गिरण्यांचा संप होऊन गेला होता, युनियनच्या जागी शिवसेनेची शाखा आली होती, निरोप पाठवणाऱ्याचा पत्ता तोच होता. गावकऱ्याने आपली रीत सोडली नव्हती. मुंबईतल्या माणसाने पक्ष बदलला, गावाने त्याचं ऐकलं. समाजवाद्यांचा बालेकिल्ला शिवसेनेकडे कसा गेला, यावर लोक अजून चकित होतात. मला तो एकाच रस्त्यावरून आलेला दुसरा प्रवासी वाटतो.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. जन्म २५ सप्टेंबर १९२२. बेचाळीसच्या चळवळीत होते, मग बॅरिस्टर झाले. त्यांची भाषणं मी ऐकलेली नाहीत, वय नव्हतं, पण ऐकलेल्यांकडून इतक्यांदा ऐकली की आता माझीच आठवण वाटते. मला अभ्यासू म्हणून त्यांची दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. १९६७ साली गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्यावर नाथ पैंनी खासगी विधेयक आणलं, की घटनेचा कुठलाही भाग दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेकडे असावा. विरोधी बाकावरचा माणूस, आणि तो संसदेचा अधिकार वाढवायचं विधेयक मांडतो! ते विधेयक संमत झालं नाही. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तोच मुद्दा सरकारने पुढे नेला, पण तोवर नाथ पै नव्हते. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी त्यांचं भाषण झालं आणि १८ तारखेच्या पहाटेपर्यंत सगळं संपलं. वय अवघं ४८.

लोकसभा आधीच विसर्जित झाली होती, मार्चमध्ये निवडणूक. नाथ पैंच्या जागी उभे राहिले दंडवते. जन्माने अहमदनगरचे, पेशाने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. इथे पुन्हा मुंबईच. कोकणाबाहेरच्या माणसाला कोकणाने पाच वेळा निवडून दिलं. आणीबाणीत ते बंगळूरला वाजपेयी-अडवाणींसोबत पकडले गेले, सुटल्यावर १९७७ ला रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातल्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत. आज कोणाला ती मोठी गोष्ट वाटणार नाही. ज्याने मुंबई ते मद्रास लाकडावर पाठ टेकून केलं आहे त्याला विचारा.

कोकण रेल्वेचं श्रेय कोणाचं, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर अजून वाद होतो. मी एवढंच सांगतो. १९७७ ला रेल्वेमंत्री राजापूरचा खासदार होता, पण तेव्हा रेल्वेमार्ग आपल्याला लागत नव्हता. मुंबईला जायचं तर एसटी किंवा बोट. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग असं करत बोट भाऊच्या धक्क्याला लागायची. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री होते. पैशाची गाठ सोडणारा माणूस आपला, हा योग पुन्हा आला नसता. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला झाला. आणि त्या माणसाचं काय झालं? महामंडळ स्थापन झाल्यावर वर्षभरात झालेल्या १९९१ च्या निवडणुकीत राजापूरने त्यांना घरी बसवलं. तेव्हा मी केंद्राध्यक्ष होतो. रात्री मतपेट्या जमा करून परतताना गाडीत एक म्हातारे शिक्षक होते, ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रेल्वे येतली, पण आणणारो गेलो.” निकाल अजून लागायचा होता. त्यांना कसं कळलं होतं कोण जाणे.

सुधीर सावंत लष्करातले अधिकारी. त्यांची एकच कारकीर्द झाली, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. सुरेश प्रभू सनदी लेखापाल, सहकारी बँकेच्या क्षेत्रातून आलेले, पुन्हा मुंबईचेच. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात उद्योग, पर्यावरण, मग ऊर्जा अशी खाती त्यांनी सांभाळली. ते २०१४ ला रेल्वेमंत्री झाले तोवर राजापूर नावाचा मतदारसंघ उरला नव्हता आणि ते राज्यसभेत होते. तरीही दोन रेल्वेमंत्री दिलेल्या मतदारसंघातलं राजापूर रोड स्थानक राजापूर गावापासून इतकं लांब आहे की रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्याला आधी रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागते.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

मतदारसंघाच्या सीमा दर जनगणनेनंतर बदलायच्या, ही घटनेची अपेक्षा. पण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे काम २००० सालानंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलं. त्यामुळे १९७१ च्या लोकसंख्येवर आखलेला नकाशा २००४ पर्यंत चालला. तेहतीस वर्षांपूर्वीच्या मापाचा सदरा! १ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला, तालुके वाढले, मतदारसंघ मात्र तसेच. मग २००२ चा परिसीमन कायदा आला, न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि २००१ ची जनगणना आधार धरली गेली. राज्याच्या एकूण जागा बदलायच्या नव्हत्या. लोकसभा ४८, विधानसभा २८८, त्या तशाच. फक्त राज्याच्या आत वाटणी नव्याने.

हा हिशेब कोणालाही करता येतो, म्हणून इथेच करून दाखवतो. २००१ ला महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. त्याला २८८ ने भागा. एका विधानसभेला साधारण ३,३६,००० माणसं येतात. सिंधुदुर्गात होते ८,६८,८२५. भागाकार २.५८, म्हणून ३ जागा. रत्नागिरीत १६,९६,७७७. भागाकार ५.०४, म्हणून ५. पूर्वी सिंधुदुर्गाच्या ४ होत्या आणि रत्नागिरीच्या ८. बाराच्या आठ झाल्या त्या अशा. लोकसभेच्या एका जागेला सरासरी २० लाख १८ हजार लोक हवेत. दोन्ही जिल्हे मिळून २५ लाख ६५ हजार. म्हणजे सव्वा जागा. सव्वा जागेत दोन खासदार बसत नाहीत.

आता त्याच तक्त्यात ठाणे बघा. २००१ ला ठाणे जिल्ह्यात ८१,३१,८४९ लोक होते आणि आमदार १३. आमच्याकडे एका आमदारामागे साधारण २ लाख १४ हजार माणसं, ठाण्यात ६ लाख २५ हजार. म्हणजे वेंगुर्ल्यातलं एक मत ठाण्यातल्या जवळजवळ तीन मतांच्या वजनाचं. न्यायाने बघितलं तर हे टिकणारं नव्हतं. ठाण्याच्या १३ च्या २४ झाल्या, मुंबईच्या ३४ च्या ३६. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आपण चार गमावल्या.

पण ठाण्यात आणि मुंबईच्या उपनगरांत वाढलेली ती माणसं कोण? सगळी आमची नव्हेत, कबूल. तरी डोंबिवली, कळवा, भांडुप, विरार इथल्या इमारतींच्या खालच्या नावांच्या पाट्या वाचत जा. सावंत, परब, राणे, गावडे, तेली, धुरी. आमची माणसं तिकडे गेली आणि त्यांच्या मागोमाग आमच्या जागाही. राजापूर मतदारसंघ चाकरमानी झाला, असं मी कार्यालयात म्हणायचो. वरिष्ठांना ते आवडायचं नाही.

मतदार यादीचं काम करताना हे रोज दिसायचं. घरोघर फिरायचं. वाडीत वीस घरं, त्यातल्या आठांना कुलूप. अंगण शेणाने सारवलेलं नाही, तुळशीवृंदावनात रान माजलेलं. शेजारीण सांगणार, “गणपतीक येतत.” नावं मात्र यादीत सगळ्यांची. तीच नावं मुंबईच्या यादीतही. नियमाने एकाच ठिकाणी नाव हवं, वगळायला नोटीस द्यायला हवी, आणि नोटीस दिली की गणपतीत माणूस घरी येऊन विचारणार, “माझा नाव कित्याक काढलास?” नाव काढणं म्हणजे घर पाडण्यासारखं वाटायचं त्यांना. देवगड तालुक्यातल्या एका आजींना मी विचारलं, मुलगा कुठे राहतो, नाव ठेवायचं का काढायचं. त्या म्हणाल्या, “झील मुंबैक, सून मुंबैक, घर हयसर. मग मत खंयचा?” या प्रश्नाला नियमपुस्तकात उत्तर आहे: माणूस सामान्यतः जिथे राहतो तिथलं. ते त्यांना ऐकवायचं धाडस मला झालं नाही. मी पुढच्या घरी गेलो.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१३६ स्त्रिया होत्या, राज्यात सगळ्यात जास्त. सिंधुदुर्गात १,०७९. भाषणांत याचं कौतुक होतं की कोकणात मुलींना मान आहे. असेलही. पण हा आकडा मुळात पुरुष गावात नसल्याचा आहे.

“कोणाच्या सोयीसाठी” या प्रश्नाचं राजकीय उत्तर त्या काळात तयार होतं. २००५ ला नारायण राणे शिवसेना सोडून काँग्रेसमध्ये गेले, मालवणची पोटनिवडणूक गाजली, जिल्हा तापला होता. त्यात मालवण हे नाव विधानसभेच्या यादीतून जाऊन कुडाळ आलं, देवगड जाऊन कणकवली आलं, वेंगुर्ला सावंतवाडीत मिसळलं. लोकांना वाटलं कोणीतरी पेन्सिल हातात घेऊन बसलं आहे. आयोगावर प्रत्येक राज्याचे पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात, हे खरं. पण त्यांना मताधिकार नसतो. कुठला तालुका कुठे जोडायचा यात कोणाच्या कानगोष्टी चालल्या असतील तर असोत, मी नाही म्हणत नाही. पण बाराच्या आठ करणं कोणाच्या कानगोष्टीने होत नसतं, आणि आठाच्या बारा करणंही कोणाच्या हातात नव्हतं. खरं सांगायचं तर सिंधुदुर्गाची आखणी मला स्वच्छ वाटली. कणकवली, देवगड, वैभववाडी एकीकडे, कुडाळ आणि मालवण एकीकडे, सावंतवाडी, वेंगुर्ला, दोडामार्ग एकीकडे. तालुके न फोडता तीन तुकडे. कामाच्या दृष्टीने आधीच्यापेक्षा सोपे. रत्नागिरी जिल्ह्यात तेवढं जमलं नाही. संगमेश्वर आणि खेड हे दोन्ही मतदारसंघ गेले आणि त्या तालुक्यांचे भाग शेजाऱ्यांत वाटले गेले. देवरूखच्या माणसाला आपण चिपळूणचे मतदार, हे पचायला वेळ लागला.

आदेश १९ फेब्रुवारी २००८ ला राष्ट्रपतींच्या अधिसूचनेने लागू झाला. या आदेशाविरुद्ध न्यायालयात सहसा जाता येत नाही. घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने तो दरवाजा जवळजवळ बंद केलेला आहे. मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती घ्यायच्या, सुनावणीत बोलायचं, तेवढीच संधी. आमच्याकडून हरकती गेल्या. बहुतेक नावांवरून. “राजापूर” हे नाव लोकसभेला राहावं, असं म्हणणारी माणसं होती. पण नव्या मतदारसंघात दोन जिल्ह्यांची मुख्यालयं येत होती आणि दोन्ही जिल्ह्यांना नाराज न करणारं नाव म्हणजे दोन्ही जिल्ह्यांची नावं जोडणं. सरकारी डोकं असंच चालतं, मी त्यातलाच आहे.

क्रमांकही गेला. जुन्या यादीत लोकसभेचा ‘१-राजापूर’ आणि विधानसभेचा ‘१-सावंतवाडी’. महाराष्ट्राची मोजणी आमच्यापासून सुरू व्हायची, याचा आम्हाला उगीचच अभिमान. नव्या पद्धतीत क्रमांक राज्याच्या वायव्य कोपऱ्यातून नागमोडी चालत दक्षिणेला येतात. त्यामुळे पहिला नंदुरबार, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग ४६ वा. सावंतवाडी विधानसभा १ वरून २७० वर गेली. २००९ च्या तयारीत मी पाकिटांवर पंचवीस-तीस ठिकाणी सवयीने ‘१-राजापूर’ लिहून ठेवलं होतं. सगळी पाकिटं पुन्हा लिहावी लागली.

त्या निवडणुकीत नव्या मतदारसंघात काँग्रेसचे नीलेश राणे निवडून आले, सुरेश प्रभू हरले. २०१४ आणि २०१९ ला शिवसेनेचे विनायक राऊत, २०२४ ला भाजपचे नारायण राणे. इथे एक सूचना, कारण अभ्यास करणाऱ्या मुलांच्या टिपणांत ही चूक सतत दिसते. २००४ चे राजापूरचे आकडे आणि २००९ चे रत्नागिरी-सिंधुदुर्गचे आकडे शेजारी ठेवून “अमुक टक्के मतं घटली” असं लिहू नका. दुसऱ्या आकड्यात रत्नागिरी आणि चिपळूणचे मतदार आहेत, ते पहिल्यात नाहीत. तसंच जुना ‘रत्नागिरी’ आणि नवा ‘रत्नागिरी-सिंधुदुर्ग’ एकाच ओळीत मांडू नका. जुन्या रत्नागिरीतून १९९६ पासून अनंत गीते यायचे, २००९ पासून ते रायगडमधून उभे राहिले, कारण दापोली आणि गुहागर तिकडे गेले. तुलना करायचीच असेल तर मतदान केंद्रवार निकालाचा तक्ता घ्या, नमुना २०, आणि गावांची बेरीज स्वतः करा. सिंधुदुर्गापुरतं हे फार अवघड नाही, कारण जिल्ह्याची सीमा बदललेली नाही. लांजा-संगमेश्वरकडे मात्र डोळे दुखतील.

पुढे काय, हेही विचारलं जातं, म्हणून आणखी एक भागाकार. जागांची राज्यांतली वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेली आहे. २०११ च्या आकड्यांवर आखणी झाली नाही, पण दिशा बघायला ते आकडे पुरतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्य वाढलं आणि आमचे दोन्ही जिल्हे आटले. सिंधुदुर्ग ८,४९,६५१, रत्नागिरी १६,१५,०६९. राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३, एका विधानसभेला ३ लाख ९० हजार. सिंधुदुर्गाच्या वाट्याला २.१८, रत्नागिरीच्या ४.१४. विधानसभेच्या जागा २८८ च राहिल्या असत्या तर दोन आणि चार, मिळून सहा. बाराच्या आठ झाल्या तेव्हा आम्ही हरकती घेतल्या होत्या. सहा झाल्या तर हरकत घ्यायला गावात कोण असेल, ते गणपतीत मोजून बघावं लागेल.